अडीच तारे

मार्केट यार्डात दिवसभर मी हळदीच्या पावत्या फाडते,
रात्री साडेदहानंतर गाणी तपासते.
शनिवारच्या पुरवणीत एक चौकट माझी,
दोनशे शब्द, दीडशे रुपये, खाली तारे.
संपादक म्हणतात, तीनच्या खाली जाऊ नका बाई,
पोरं आपलीच आहेत.

आपलीच आहेत म्हणून तर.

या आठवड्याला एमसी तुंबा, मिरज.
तीन मिनिटं अठ्ठावीस सेकंद.
पहिल्याच शॉटला पांढरी गाडी, नंबरावर काळी पट्टी.
पट्टी कशाला, बाबा? ओळखते मी तिला.
कुपवाडहून लग्नाला भाड्याने येते,
मागच्या काचेवर नवरानवरीच्या नावांचा गोंद
अजून तसाच आहे.
चार मुली नाचतात, विश्रामबागच्या झुंबा क्लासच्या.
तिसरी जरा उशिरा वळते आणि स्वतःलाच हसते,
तेवढीच खरी नाचते.
नोटा उडतात, एकाच बाजूने छापलेल्या.
आयर्विनवरून ड्रोन जातो, खाली कृष्णा,
तिला कुणीतरी निळी केलीय.
आमची कृष्णा कधी निळी होती?

आवाजाचं म्हणाल तर
हळकुंडं पिंपात घालून गरागरा फिरवतात,
साल झडतं, चकाकी येते,
तसा फिरवलाय ऑटोट्यूनमध्ये.
पण जुना व्यापारी चकाकीवर बोली लावत नाही.
पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो,
तळातलं एक काढतो, मोडतो.
कट्.
आतला रंग बघतो, मगच तोंड उघडतो.

मीही मोडून बघितलं.
'दुश्मन जळतात माझ्यावर' म्हणतोस.
कोण रे? एकाचं तरी नाव घे.
आणि फ्लो?
आमचे दगडूअण्णा सौदे काढतात, तंबाखू गालात धरून,
चौदा हजार शंभर, शंभर, शंभर, दीडशे कोण, दोनशे कोण,
ढिगामागून ढीग चालत जातात,
श्वास कुठे घेतात ते नऊ वर्षांत मला सापडलेलं नाही.
तू चौथ्या शब्दाला धापा टाकतोस.
बीट विकतची.
हीच मागच्या महिन्यात तासगावच्या पोराने वापरली होती.
पी हळद अन् हो गोरी.
दीड तारा, असं लिहूनही टाकलं.

मग एक मिनिट बेचाळीसवर
एक गच्ची येते.
वाळत घातलेले भोपळे, पाठीला पाठ लावून,
आणि एक हात, नखांत लाखेचा रंग बसलेला.
भोपळ्यावर बोटाने टकटक करतो,
कान लावतो,
बाजूला ठेवतो.
दुसरा घेतो. टकटक.
बीट नेमकी तिथेच थांबलेली,
आणि ती टकटक गाण्याच्या तालात नाही.
तीन सेकंद.
की परत गाडी.

अकरा वेळा मागे नेलं.
नवरा म्हणाला, झोप आता, कोण मेलंय का?

लिहिलं: तीन सेकंदांना पाचपैकी पाच.
बाकीचं गाणं गाडीच्या भाड्यात गेलं.
सरासरी काढायला मला जमत नाही, अडीच घ्या.

रविवारी दुपारी फोन.
"मॅडम, अडीच?"
त्याच्या मागे कानस चालल्यासारखा आवाज.
"आणि ते तीन सेकंद चुकून राहिलेत हो.
कॅमेरा बंद करायचा राहिला. चुलते आहेत माझे.
एडिटिंगवाला काढणारच होता."
का करतात टकटक? मी विचारलं.
"बोलतोय का बघायला. कच्चा असला की गप्प बसतो."

मग तोच गप्प बसला. बराच वेळ.
कानस थांबली होती.
टक. टक.
"ऐकू येतंय का तुम्हाला?"
येतंय.
"आम्हाला घरात ऐकूच येत नाही ओ हे.
म्हणजे, रोजचंच."

फोन ठेवताना म्हणाला, पुढच्या वेळी तीन तरी द्या.
म्हटलं, बघू. गाडीचे पैसे दिलेस का?
"अर्धे."